बाळ येशूच्या हातातलं गाजर

मदर एउफ्रासियांनी बोट ठेवलं ते नेमकं गाजरावर. रंग अजून ओला होता.

(आधी रीतभात. तीर्थरूप तादेआअक्कास धाकट्या नेरीचा नमस्कार. ताप उतरला का? भाऊजींच्या गाढवाचा पाय कसा आहे? तुझा बाल्दो इथे खुशाल आहे; पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडलं.)

तुझं लेकरू मांडीवर घेऊन तुझी भावजय पिएरा चित्रासाठी मारिया होऊन बसली, तिथवर ठीक होतं. त्याच्या हाती द्यायला डाळिंब आणलं, ते त्याने खिडकीबाहेर फेकलं. सफरचंद चाटून टाकून दिलं. मग तो लाल तोंडाचा चिमुकला पक्षी आणला (ख्रिस्ताच्या कपाळातला काटा उपसताना ज्याला रक्त लागलं, तो). त्याला पाहून बाल्दोने असा टाहो फोडला की समोरचा लोहार हातोडा घेऊन धावत आला. शेवटी पिएराने सुपासाठी सोललेलं गाजर त्याच्या मुठीत दिलं. गप्प. चार दिवस मी तेच रंगवलं, कारण चार दिवस तो तेवढ्यानेच गप्प होता. सणाच्या आत चित्र मठाच्या भिंतीवर चढलं नाही, तर मला पुन्हा सासऱ्यांच्या दुकानात खोगिरांवर फुलं काढत बसावं लागेल, हे तुला ठाऊकच आहे.

"डाळिंब म्हणजे चर्च. सफरचंद म्हणजे पाप," मदर म्हणाल्या. "आणि हे हो काय?"

"प्रभूसारखं जमिनीत पुरलेलं असतं, माते. आणि तिसऱ्या दिवशी..."

"गाजर तिसऱ्या दिवशी वर येतं?"

"कुठलं येतंय!" मागून मठाच्या स्वयंपाकघरातली सिस्टर बोना म्हणाली. "अहो माते, पोराला दात येतायत. हिरड्या शिवशिवतायत त्याच्या."

मदर चित्राजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "प्रभूलाही दात आले असतीलच की." आणि माझ्याकडे वळून, "नेरी, धर्म आमच्याकडे राहू द्या. तुम्ही रंगवा."

चित्र भिंतीवर चढलं.

ता. क. समोरच्या भिंतीसाठीही त्यांना असंच बाळ हवं आहे, गाजरासकट. तू रविवारी बाल्दोला न्यायला येणार होतीस. महिनाभर थांबशील का?

पुन्हा ता. क. हे पत्र नेणारा खेचरवाला काल निघालाच नाही. आज सकाळी बाल्दोचा दात दिसला. गाजर त्याने फेकून दिलं. आता त्याला पक्षी हवा आहे.