बायकोला मागणी घालण्याबाबत

नाशिक, माघातला एक रविवार

ती. स्व. दिपकदादा यांस,

नविनचा दोन्ही हात जोडून, आणि या खेपेला नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकून, नमस्कार. तुमची साखर, वहिनींचे गुडघे आणि गच्चीवरचे गळके पत्रे हे तिन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही ठीक आहोत, निदान बघणाऱ्याला तरी तसं वाटेल. एवढं विचारायला फोन पुरला असता असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या दोन खोल्यांत खासगी बोलायचं तर जिन्यात जावं लागतं, आणि मी जिन्यात गेलो की तुमची बहीण मागोमाग स्वेटर घेऊन येते. व्हॉट्सॲपचं म्हणाल तर माझ्या फोनचं कुलूप आमच्या लेकीने, उन्नतीने लावलंय आणि किल्ली तिच्या आईकडे आहे. त्यामुळे पोस्ट खातं जुनं असलं तरी तेवढंच एक सुरक्षित उरलंय.

उन्नतीचं लग्न वैशाखात, हॉलमध्ये, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याचं आमंत्रण नवशी आत्याला (माझ्या वडिलांची बहीण, तलासरीच्या अलीकडे आमच्या मूळ पाड्यावर राहते) स्वतः जाऊन द्यायचं ठरलं. जातोच आहोत तर दोन दिवस सुनिताला आपला मुलूख दाखवावा, असं माझ्या डोक्यात आलं. मी स्वतः तिथे शेवटचा गेलो तेव्हा अर्ध्या चड्डीत होतो, पण जव्हारच्या पुढे बस उतरायला लागली तशी माझ्या अंगात मालकी शिरली. हे ताड आपले, ही माती आपली, असं मी खिडकीतून दाखवत होतो. तुमचं आशागडही दाखवलं. बस तिथे थांबली नाही म्हणून धावतं दाखवलं. तुमचा जन्म तिथला असल्याने तुम्हाला वाईट वाटेल, पण आम्हाला एक पिंपरणीचं झाड आणि एक मोबाइल रिचार्जचं दुकान, एवढंच आशागड मिळालं.

पहिला थांबा बोर्डी. चिकूच्या वाड्यांतून चालत, समुद्राचं वर्णन करत मी तिला सुरूच्या झाडांपर्यंत नेलं, आणि पुढे पाहतो तर समुद्र नाही. ओहोटी होती, आणि तिथली ओहोटी म्हणजे पाणी पार क्षितिजाकडे मुक्कामाला जातं (हे मला त्या मुलखातला माणूस म्हणून माहीत असायला हवं होतं). तरी मी हट्टाने निघालो. चिखलाने माझी एक चप्पल ठेवून घेतली ती घेतलीच. मासे सुकवणाऱ्या एका बाईने दुरून हाका मारून सांगितलं की पाणी संध्याकाळी येईल, आता जाऊन काय उपयोग नाही. सुनिता म्हणाली की तुमचा समुद्र कामावर गेलेला दिसतोय. मग विवळवेढ्याला महालक्ष्मीचं दर्शन घेतलं. तिथल्या रिक्षावाल्याने मला आधी गुजरातीत भाडं सांगितलं, मग हिंदीत. मी छाती काढून म्हणालो, मी इथलाच. त्याने माझ्या एका पायातल्या चपलेकडे पाहिलं आणि आम्हाला न विचारताच चिकूच्या दुकानासमोर नेऊन उभं केलं. तिथे सगळे पर्यटक उतरतात म्हणे.

आता मुद्द्याचं लिहितो. पाड्यावर पोचलो तर आत्याच्या शेजारच्या घरी लग्न. मांडव घातलेला, आणि आत गेरूने सारवलेल्या भिंतीवर बायका तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक, म्हणजे देवीचं चित्र, लिहीत होत्या. आत्याने मला कानांवरून ओळखलं (आमच्या घराण्यात कान आडवे होत नाहीत, उभेच वाढतात) आणि सुनिताला हाताला धरून बायकांत नेऊन बसवलं. तुमची बहीण रांगोळीत किती पटाईत ते तुम्ही जाणता. तिने सहज एक काडी उचलली, पिठात बुडवली आणि भिंतीला टेकवणार, तोच शुक्रीबाईंनी तिचा हात धरला. शुक्रीबाई म्हणजे तिथल्या धवलेरी. आपल्यात भटजी नसतो, लग्न त्याच गाणी म्हणून लावतात, हे वडिलांकडून ऐकलेलं होतं. चौक लिहायचा तर बाई लग्न झालेली हवी. शुक्रीबाईंनी अगदी मायेने विचारलं की तुझं लग्न कोण्या धवलेरीने लावलं. सुनिता माझ्याकडे बघायला लागली. मी मोठ्या रुबाबात सांगितलं की आमचं लग्न नाशकाच्या रजिस्ट्रारसमोर झालं, साक्षीदारांत हिचे सख्खे थोरले भाऊ होते, नंतर हॉटेलात जेवणही झालं.

आत्या म्हणाली, "सायबानी कागूद केला. लगीन कोनी लावला?"

दादा, मी इतकी वर्षं सरकारी कचेरीत काढली, पण कागदाची एवढी कमी किंमत कोणी केलेली पाहिली नव्हती. सुनिताने काडी ठेवली. मंगळसूत्र पदराखाली सारलं. चेहऱ्यावर तिने काही दिसू दिलं नाही, पण मला दिसलं, आणि मला फार वाईट वाटलं. आत्या मात्र खुशीत आली. एकत्र राहिलात त्यात काहीच वावगं नाही, म्हणाली, आपल्यात पुष्कळ जण आधी नांदतात आणि जमेल तेव्हा लग्न लावतात. तिचं स्वतःचं तर थोरला मुलगा हाताशी आल्यावर लागलं होतं. पण आईबापाचं राहिलं असताना पोरीचं लावायचं नाही, आणि तसं लावलंत तर मी हॉलमध्ये पाय ठेवणार नाही, एवढं तिने ठणकावून सांगितलं. तेव्हा होळीनंतर या, तुम्हा दोघांचं उरकून टाकू. बघता बघता पाड्यात बातमी पसरली की नाशिकचा साहेब अजून लग्नाचा आहे. म्हातारे येऊन मला बघून जाऊ लागले.

मी लगेच हो म्हणालो. म्हटलं, उन्नतीच्या लग्नात आत्या हवी, आणि नवरी काय, घरचीच आहे. इथे मी फसलो. शुक्रीबाई सुनिताकडे वळल्या.

"बाय, यो नवरा तुला पसंत हाय का?"

सगळ्या बायका थांबल्या. सुनिताने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. (पँट गुडघ्यापर्यंत वळलेली, पोटऱ्यांवर बोर्डीचा चिखल, एक पाय अनवाणी.) आणि अतिशय शांतपणे म्हणाली, "विचार करून सांगते."

त्यानंतर मला जे भोगावं लागलं ते कोणा नवरदेवाला न लागो. नवऱ्याला येतं काय, अशी बायकांनी चौकशी मांडली, आणि तुमच्या बहिणीने प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. ताडावर चढता येत नाही. नांगर धरता येत नाही. म्हणून मला लाकडं फोडायला दिली. पहिल्याच घावाला कुऱ्हाड दांड्यातून निघून कोंबड्यांत गेली. कोंबड्या बचावल्या, माझं स्थळ मात्र आणखी खाली गेलं. आत्याने माझ्या बाजूने एकच मुद्दा मांडला की पोरगा भांडकुदळ नाही, तर त्यावरही सुनिता म्हणाली की बघायला हवं.

नाशकाला येऊन आठवडा होत आला तरी तिचा विचार चालूच आहे. मधूनच एखादा प्रश्न विचारते. निवृत्त झाल्यावर दिवसभर घरीच बसणार का? जेवताना टीव्हीशी बोलता ते बंद होईल का? मी लेखी द्यायला तयार आहे, पण आत्याच्या त्या वाक्यापासून माझा कागदावरचा विश्वास उडालाय. थट्टा बाजूला ठेवून सांगतो दादा, मला भीती वाटते. आपल्या दोघांच्या वडिलांनी एसटी डेपोतल्या चहाच्या सुट्टीत हे लग्न ठरवलं. मला कोणी विचारलं नाही, तिला तर नाहीच. रजिस्ट्रारसमोर तिने मान हलवली तीही तिथल्या कारकुनाला जेवायला जायची घाई होती म्हणून. आज तिला पहिल्यांदा कोणीतरी विचारलंय, आणि ती नाही म्हणू शकते हे मला पहिल्यांदा कळलंय. ती भाजी निवडत असली तरी मी दारातून तिच्याकडे बघत उभा राहतो. मला तिच्या तोंडून हो ऐकायचं आहे, आणि ते आत्यासाठी किंवा हॉलसाठी नकोय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आपला होऊ घातलेला (किंवा न घातलेला) मेहुणा,

नविन

ता. क. हे सगळं लिहिण्याचं कारण असं की मागणी घालायला वडीलधारं माणूस लागतं, आणि माझ्याकडे उरलेलं वडीलधारं माणूस तुम्हीच आहात. तुम्ही नवरीकडचे आहात ही अडचण लक्षात आहे, तरी एकदा येऊन माझ्यासाठी तिच्याकडे शब्द टाका.

आणखी ता. क. आत्याने तुमचीही चौकशी केली. तुमचं आणि वहिनींचं लग्नही त्याच रजिस्ट्रारकडे झालं, हे माझ्या तोंडून निघून गेलं. तिने होळीनंतर दोन जोडपी धरली आहेत. वहिनींना इतक्यात सांगू नका.

शेवटचा ता. क. माझा गुडघा धरल्यामुळे पत्र टाकायला सुनिताच जाणार आहे. पाकीट डिंकाने नीट चिकटवलंय, आणि दुसऱ्याचं पत्र उघडायची तिला सवय नाही.

दादा, डिंक ओला होता. मी आत्यांना दुसऱ्या दिवशी सकाळीच हो सांगून आले आहे. ह्यांना कळू देऊ नकोस. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हे माझ्या बोलण्याची वाट बघतात, ते मला होळीपर्यंत पुरवून पुरवून वापरायचंय. तू मागणी घालायला ये, मी पोहे करीन, आणि ह्यांना समोर बसवून तू पुष्कळ प्रश्न विचार. वहिनीला मी परवाच फोन करून सगळं सांगितलं. ती तुला अजून काही बोलली नसेल, तर जपून राहा. — सुनिता