बागेत राहिलेला निंब

इटारसी, आषाढ अमावास्या

तिकडे अकोल्यात बाबा अजूनही म्हणतच असतील, "शहर सुधारून राहिलं, आपण कावून आडवं यावं?" अन् आपल्याले काय भेटलं? स्टेशनापलीकडचा उघडा माळ. नदीकाठची आमची घरं पाडून साहेबलोकांनी बाग केली. शहराची हवा शुद्ध व्हावी म्हणे. आईनं अंगणात लावलेला निंब तेवढा ठेवला. बागेले सावली पाहिजे ना!

आमच्या कोळशाच्या यार्डातला गणपत आज अकोल्याहून परत आला. म्हणाला, तुझी माय बागेत गेली होती. पंचमीले ताई माहेरी येते, तिचा झोका दर साली त्याच निंबाले. माळी म्हणाला, "बाई, दोर नाही बांधायचा. हे सरकारी झाड आहे."

आई म्हणाली, "सरकारनं कवा पाणी घातलं रे याले?"

तरी हाकललंच तिले.

इथं जिकडे पाहावं तिकडे काळं. डोळे मिटले की तोच निंब दिसते, झोक्यावरच्या ताईचा पाय वरच्या फांदीले लागते. मी तिथं असतो तर माळ्यासमोर चढलो असतो का? कोण जाणे.

माळावर एक झाड नाही. बाबांनी दोन बल्ल्या गाडाव्या, पण झोका बांधावाच. उद्या पाच रुपये पाठवतो, त्यातले आठ आणे दोराचे.