दहा लिटरची किटली

कोल्हापूर, मंगळवार

प्रिय केरबास,

मुनव्वरचा सलाम. आम्ही सगळी खुशाल. तू आणि अंबूवहिनी चंदगडच्या पावसात ओल्या कपड्यांनिशी का होईना, पण ठणठणीत असाल. गुडघा कसा हाय? (माझ्या गुडघ्याचं इचारू नकोस, त्याला वेगळं पत्र लागंल.) फोन लावून दमलो, तुझ्या काजूच्या बागेत रेंज घुसत न्हाय. म्हणून हा कागद एसटीच्या कंडक्टरजवळ देतोय.

तर आपल्या दूध संघात विजयसिंह म्हणून नवं साहेब आल्यात. त्यांनी दर शनिवारी कोड्यांची स्पर्धा काढलीया, जिंकंल त्याला पेढ्याचा पुडा. ह्या शनिवारी माझा निरोपसमारंभ, म्हणून कोडं मी घालायचं ठरलं. मी कालच छाती फुगवून कॅन्टीनच्या फळ्यावर तुझंच लिवलं: दहा लिटरची किटली काठोकाठ भरलेली, जवळ सहाचं आणि चारचं रिकामं माप, नुसतं ओतून पाच-पाच लिटर वाटा. अंदाज नको, काटा नको.

झालं की रं! हंबीरराव पहिल्यांदा इचारतोय, दूध म्हशीचं का गाईचं, आणि फॅट किती? (तीस वर्षं फॅट बघून मेंदूचं लोणी झालंय, दुसरं काय.) गुंडूनं खरोखरची भांडी आणून पाणी ओतलं, निम्मं कॅन्टीन भिजवलं, वर म्हणतोय दूध आटलं. आणि नवीनच लागलेली क्रांती, कॉम्प्युटरवाली पोरगी, शेंगा खात खात म्हणाली, "चाचा, तिन्ही आकडं सम हाईत. कितीबी वता, पाच येणार न्हाय. कोडंच खोटं हाय."

भर कॅन्टीनमध्ये! मी तडकलो. म्हटलं, माझा केरबा खोटं कोडं घालायचा न्हाय. उत्तर हाय, शनिवारी दाखवतो. बोलून बसलो की! आता दाखवू काय, कपाळ? एकोणीस वर्षं रोज चार वाजता माझ्या टेबलाशी यायचास, माझा निम्मा चहा बशीत ओतून प्यायचास आणि म्हणायचास, "उत्तर उद्या." मी रोज नवा कागद काळा करायचो, तू मिशीत हसायचास. रिटायर झालास त्या दिवशीबी "उद्या"च म्हणालास आणि गेलास. तुझ्या खुर्चीवर आता प्रिंटर ठेवलाय. चार वाजलं की लई चुकल्यागत होतंय बघ.

वहिनींना सलाम सांग.

तुझा,
मुनव्वर

ता. क. शनिवारी चारच्या आत उत्तर घेऊन ये. चिठ्ठी, निरोप काय चालणार न्हाय. माझी लाज तुझ्या हातात हाय.

आणखी ता. क. क्रांतीचं बरोबर हाय. मला दुसऱ्याच वर्षी कळलं हुतं. पण बोललो असतो, तर दुसऱ्या दिवशी तू कशाला आला असतास? उत्तर ऱ्हाऊ दे. तू ये.