अव्वांचा फोटो

भवानी पेठ, सोलापूर
१२ फेब्रुवारी १९७४

प्रिय सुंदरा,

सप्रेम नमस्कार. गुलबर्ग्याला तुझ्या शाळेत परीक्षांची गडबड असेल, तरी सवड काढून हे वाच. इकडे सगळे बरे आहेत. माझं कामही बरं चाललंय. कॉलेजच्या इतिहास मंडळासाठी एक मुखपृष्ठ केलं, नाट्यस्पर्धेचं पोस्टर छापायला गेलं. पुण्यात चित्रकला शिकताना आपण दोघी म्हणायचो तसं चाललंय.

शनिवारी तुझ्या आईचं, आपल्या अव्वांचं, गाणं झालं. भैरवीनंतरही लोक उठेनात. इथंच पत्र संपवावं असं वाटतं.

त्याआधी सभागृहाच्या दारात काय झालं ते अव्वांनी कळवलंय का, ठाऊक नाही. तू पाठवलेला फोटो मी पोस्टरला घेतला. संगीत मंडळाचे चिटणीस शरच्चंद्रराव म्हणाले, "चेहरा जरा उजळ करा. ह्या बाईंना इथं कोण ओळखतंय? लोक पोस्टर बघूनच येणार." छपाईचा ब्लॉक करायला देण्याआधी फोटोवर थोडा ब्रश फिरवावा लागतोच, हे तुला माहीत आहे.

शनिवारी संध्याकाळी टांगा आला. आधी तुझी मावसबहीण अक्कम्मा तंबोरा सांभाळत उतरली. शरच्चंद्ररावांनी पुढे होऊन हार तिच्याच गळ्यात घातला. "या, पार्वतम्मा! प्रवास नीट झाला ना?" ती गोरीमोरी झाली. मागून अव्वा पिशवी घेऊन उतरल्या, तर एक कार्यकर्ता म्हणाला, "आजी, जरा बाजूला व्हा."

अव्वा बाजूला झाल्या. मी तिथंच होते, सुंदरा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कॉलेजचे प्राचार्य नेमके तेव्हाच पोस्टरची तारीफ करत होते आणि मी हसून मान डोलवत होते. शेवटी अक्कम्माच ओरडली, "अहो, मी न्हाय! पार्वतम्मा त्या हायत!"

सगळे माफी मागायला लागले. अव्वा पोस्टरपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"कोण गं ही? लई देखणी हाय की."

"तुम्हीच, अव्वा."

"मी न्हाय. मला देवी आल्या तवा माझी दोन भावंडं गेली. माझ्या आईनं रात्रंदिवस उशाशी बसून मला एकटीला राखलं. तिनं राखलेलं तोंड हाय हे, गोदा. का पुसलंस?"

"चिटणीसांनी सांगितलं," मी म्हणाले.

त्या आत गेल्या आणि तंबोरा लावायला बसल्या.

मी खोटं बोलले. चिटणीसांनी फक्त उजळ करा म्हटलं होतं. व्रण मी बुजवले, एकेक करून, हौसेनं. हात छान चालला होता. आणि काम संपल्यावर मनात आलं, आता कशा गाणाऱ्या बाईसारख्या दिसतात! हे वाक्य लिहायला दोन कागद फाडले.

अजून आहे. आधी कॉपी काढायची, मग तिच्यावर काम करायचं, हे आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मी घाईत मूळ फोटोवरच रंग लावला. रविवारी तो ओल्या कापसानं पुसायला गेले, तर रंगाबरोबर खालचा चेहराही पुसला गेला. तुझ्या अप्पांनी हौसेनं काढून घेतलेला, अव्वांचा तेवढा एकच फोटो.

काल अक्कलकोटला गेले. अव्वांनी आधी जेवू घातलं. मग मी सगळं सांगितलं.

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "शरच्चंद्राला ब्रश धरता येतो व्हय?"

मी फोटो पुढे केला. त्यांनी हातातसुद्धा घेतला नाही.

"फोटो सुंदराच्या बापाची आठवण हाय. मला काय दाखवतीस? तिला सांग."

म्हणून हे पत्र. फोटो वेगळ्या लिफाफ्यात घातला आहे. तो उघडण्याआधी हे वाचावंस म्हणून पत्र आधी टाकते आहे. फोटो उद्या रजिस्टरनं निघेल.

'तुझी' असं लिहायला आज हात धजत नाही.

गोदावरी