गडद तपकिरी

१० जानेवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

मूत्राशयातली गाठ दुर्बिणीतून काढली, हे तुला कळलंच आहे. पुढे त्या गाठीच्या तुकड्यावर मार्करची तपासणी केली. गाठ परत येईल का, हे म्हणे ती सांगते. म्हणजे ज्योतिषच, फक्त पांढऱ्या कोटातलं.

सोबत जोडलेला रिपोर्ट म्हणतो, तुकड्यावर गडद तपकिरी रंग सगळीकडे उमटला. माझा जन्म गिरणीच्या रंगखात्यात गेला. रंग सगळीकडे सारखा चढला की माल पास, एवढं मला कळतं. तरी डॉक्टर मूत्राशयच काढू म्हणतात. सर्जनच तो, कापल्याशिवाय त्याला चैन कसं पडणार? मी नकार कळवतो आहे. तुझी वहिनी घासलेली भांडी पुन्हा घासते आहे.

तू प्रयोगशाळेत रोज असलेच तुकडे रंगवतेस, म्हणून विचारतो. माल पास ना?

लोभ आटू देऊ नकोस.
तुझा दादा

१४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माल नापास आहे. तो रंग फक्त भराभर वाढणाऱ्या पेशींनाच धरतो. सगळीकडे उमटला, म्हणजे गाठ परत येण्याची आणि खोल शिरण्याची भीती जास्त.

हे ज्योतिष नव्हे. असा रंग उमटलेल्या पुष्कळ माणसांचं पुढे काय झालं, ते पाहून बांधलेला अंदाज आहे. तुझ्या बाबतीत तो चुकेलही, पण त्या भरवशावर बसू नकोस. काचेवरचा तुकडा कुणाचा, हे आम्हाला ठाऊक नसतं, म्हणून हात स्थिर राहतो. तुझं पत्र आल्यापासून मी दोन काचा फोडल्या आणि साहेबांची बोलणी खाल्ली.

रिपोर्टप्रमाणे गाठ अजून मूत्राशयाच्या स्नायूत शिरलेली नाही. आत्ताच ऑपरेशन कर. पोटावर लघवीची पिशवी लागेल, लाज वाटेल, वाटू दे. मला भाऊ हवा आहे, मूत्राशयासकट नसला तरी चालेल.

वहिनींना नमस्कार. रागावलास तरी लोभ असू दे.
तुझी चिमणी

१९ जानेवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

होकार कळवला. सोमवारी ऑपरेशन.

त्या रंगाचा अर्थ डॉक्टरांनी मला आधीच नीट समजावला होता. म्हटलं, तू तरी पास म्हणशील. सगळीकडून नापास झालं की माणूस घरात वशिला शोधतो. तू तो लावला नाहीस. दोन दिवस तुझा राग आला, मग भूक लागली.

तू शनिवारीच ये. तुझी वहिनी माझ्यासमोर रडत नाही, तुझ्यासमोर रडेल. तिचं झालं की माझा नंबर.

लोभ आहे तेवढा सोबत आण.
तुझा दादा