पाचवा कॅमेरा कोणी जोडायचा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या कारागिराची विधवा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मनाने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे. मुलाला शंका येईल, म्हणून तो सोबत जोडला आहे.

१. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना समान. विकायचे असल्यास दोघांनी एका खोलीत बसून ठरवावे, फोनवरून नाही.

२. बँकेतली शिल्लक निम्मी-निम्मी. भांडण व्हावे इतकी ती नाही.

३. पुस्तके मुलीला. चौथीत शाळा सुटली तेव्हा मला जेमतेम अक्षरे जुळवता येत. लग्नानंतर ह्यांचे दोन्ही हात कॅमेऱ्यात अडकलेले असत, म्हणून सोबतच्या माहितीपुस्तिका मोठ्याने वाचायचे काम माझ्याकडे आले. ‘झडप’ आणि ‘कमानी’ हे शब्द मी कथा-कादंबऱ्यांच्या आधी शिकले. त्या पुस्तिकाही यातच धराव्यात. मुलाला त्या रद्दीत घालण्याची परवानगी नाही.

४. एकाच कारखान्याचे सहा कॅमेरे, निघाले त्या क्रमाने, ह्यांनी आयुष्यभर जमवले. पहिला भात्याचा, त्यात अंतर पावलांनी मोजायचे आणि उजेड डोळ्यांनी. दुसरा दोन डोळ्यांचा, मान खाली घालून वरून बघायचा. तिसऱ्यात एकाच माणसाच्या दोन प्रतिमा दिसत, त्या एकमेकींवर आणून बसवायच्या. चौथा आरशाचा, भिंगातून जे दिसेल तेच फिल्मवर. पाचव्याने उजेड स्वतः मोजायला सुरुवात केली, म्हणून तो अर्धा घड्याळासारखा आणि अर्धा विजेचा. सहावा सगळेच स्वतः करतो, माणसाने फक्त उभे राहायचे.

पहिले चार मुलीला. महिन्यातून एकदा प्रत्येकाची कळ दाबावी, नाहीतर आतले पडदे चिकटतात. सहावा मुलाला. तो मागे म्हणाला होता, “आई, हा एकच चालतो ना?” सगळे चालतात. त्याला एकच चालवता येतो.

५. (या कलमावर रेघ मारली आहे, पण ते वाचता येईल असे ठेवले आहे. कारण पुढे लिहिले आहे.) पाचवा कॅमेरा मागच्या खोलीतल्या टेबलावर उघडा आहे. चार वर्षांपूर्वी हे गेले तेव्हा दुरुस्तीला घेतला होता. सुटे भाग बाटल्यांच्या अडतीस झाकणांत, काढले त्या क्रमाने मांडलेले आहेत. वरून कापड आहे. मुलगा म्हणतो, सुटे भाग म्हणून विकून टाक. तसे होऊ नये. तो जोडू शकेल असा माणूस आता एकच, माझे धाकटे दीर. मी गेल्यावर त्यांना बोलवावे आणि कॅमेरा व सर्व हत्यारे त्यांना द्यावीत.

त्यांना बोलवताना अडचण येईल, म्हणून मागचे सांगते. दुकान दोघा भावांचे होते. सहावा कॅमेरा बाजारात आला तेव्हा दिरांनी तो विकायला ठेवला. हे म्हणाले, “बिघडला तर उघडायला ह्याला धड स्क्रूसुद्धा नाहीत.” दीर म्हणाले, “दादा, लोकांना फोटो हवाय, घड्याळजी नकोय.” त्या दिवशी हे हत्यारे घेऊन मागच्या खोलीत आले आणि पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. हे गेले तेव्हा दीर जिन्यापर्यंत आले होते. मी दार लावून घेतले. ते भांडण भावांचे होते, दार मात्र मी लावले. त्यांना हेही सांगावे की एकदा धूळ पुसताना माझ्या हातून एक झाकण सांडले. तीन स्क्रू उचलून परत ठेवले, पण ते तिथलेच की शेजारच्या झाकणातले, ते मला माहीत नाही. मी कोणाला सांगितले नाही.

येथवर रविवारी लिहिले. वाचून पाहिले तेव्हा वाटले, माणसाला काम लावायचे तर आधी विचारावे. फोन केला.

“भावजी, मी बोलतेय.”

“वहिनी? काय झालं?”

“झालं काही नाही. मी मेल्यावर दादांचा पाचवा जोडाल का?”

“मेल्यावर कशाला? माझे हात आत्ताच कापतात. तुम्ही आणखी दहा वर्षं काढलीत तर स्क्रू काय दाताने धरू?”

मंगळवारी आले. कापड मी स्वतः काढले. पहिल्या झाकणापासून ते एकेक बघत गेले आणि एकविसाव्यावर बोट ठेवले. “हे तुम्ही सांडलंत. दादा आखूड आणि लांब स्क्रू एकत्र ठेवणार नाही.”

“रागावले असते का हो?”

“तुमच्यावर? माझ्यावर रागवून संपलं असतं तर तुमच्यापर्यंत आलं असतं.”

तीन दिवस लागले. आज सकाळी झडप उघडली आणि मिटली. कॅमेरा मी त्यांच्या हातात दिला आणि हत्यारांची पेटीही. त्यामुळे कलम पाच रद्द. रेघेजवळ तिघांच्या लहान सह्या आहेत. टेबल आता रिकामे आहे. ते मला अजून बघवत नाही, पण मृत्युपत्रात त्याची सोय करता येत नाही.

वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्ष करू नये. दुसरा साक्षीदार मिळत नव्हता. दिरांना या कागदाने आता काहीच मिळायचे नाही, तेव्हा तेच बसले.

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: १४ मार्च २०२४, गुरुवार

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई (सही)

साक्षीदार २: माझे धाकटे दीर, दुकानदार (सही. हात कापतो म्हणून अक्षर वाकडे आहे. सही त्यांचीच, माझ्यासमोर, दार उघडे असताना केलेली.)