गट नंबर ११२ चा मोडलेला बांध

मी, गुरप्पा मल्लिनाथ बिराजदार, वय ७४, राहणार मौजे हिरेहळ्ळी, तालुका अक्कलकोट, जिल्हा सोलापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने करून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा सोमशेखर उद्या "म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर न्हवतं" असे म्हणणार, याची मला खात्री आहे.

१. गट नंबर ११२, साडेतीन एकर, वर द्राक्षबाग, खाली विहीर. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात नोकरी करून मी ती स्वतः घेतली. ती सून राजेश्वरी हिला द्यावी. सोमशेखर टॉवेलच्या कारखान्यात असतो आणि सुट्टीला अनोळखी माणसे शेतावर आणतो. पाहुणे आहेत म्हणतो. पाहुणे रान पावलांनी मोजत नाहीत.

२. गावातले घर व बँकेतली ठेव सोमशेखरला.

३. फवारणीच्या औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असते. तीही राजेश्वरीलाच.

४. शेजारी गुरुलिंग माळगे याच्याविषयी.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पिठ्या ढेकूण या द्राक्षावरच्या किडीसाठी बागेत औषध मारले. तिसऱ्या दिवशी परतीचा पाऊस झोडपून गेला. सकाळी विहिरीपर्यंत गाळ आलेला. तिथे साचलेले पाणी प्यालेल्या आमच्या सात शेळ्या दुपारपर्यंत मेल्या. गुरुलिंगशी वाटेवरून माझे जुने भांडण. विष त्यानेच ओतले, असे मी पोलिसांत लिहून दिले. त्याच्या लेकीला बघायला आलेली माणसे ओट्यावर बसलेली असताना पोलिसांनी त्याला नेले. माणसे चहा न घेता उठली. जाताना तो एवढेच म्हणाला, "काका, मी न्हाय वतलं. तुमचा बांध कुटं गेला ते बघा की."

राजेश्वरीने गाळ आणि पाणी सोलापूरच्या प्रयोगशाळेत नेले. दोन्हींत आमच्याच बागेतले औषध निघाले, पाण्यापेक्षा गाळात जास्त. पावसाने वरची माती सुटली आणि औषध तिला चिकटून खाली आले. मला अहवालावरही संशय आला. दुसरीकडून करून घेतला. तेच निघाले.

बांध मीच मोडला होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, द्राक्षाच्या दोन ओळी वाढाव्यात म्हणून, जेसीबी लावून. राजेश्वरी म्हणाली होती, "मामा, उताराचं रान हाय. माती ऱ्हायची न्हाय." मी विचारले, "तुला कोन शिकवतंय? गुरुलिंग?"

पोलिसांनी पुरावा नाही म्हणून त्याला सोडले. पण गावाला खरे मी सांगितले नाही. आठ महिने अहवाल गादीखाली ठेवला. त्याच्या लेकीचे लग्न अजून जुळलेले नाही. गुरुलिंग निर्दोष आहे. हे कलम येत्या सोमवारी मी स्वतः गावातल्या मठासमोर सगळ्यांना वाचून दाखवणार आहे. त्याआधी मेलो, तर राजेश्वरीने वाचावे. सोमशेखरकडे देऊ नये, तो हेच पान गाळेल.

५. बांध मी पुन्हा घातला आहे, उताराला आडवा, वर गवत लावून. राजेश्वरीने तो कोणाच्याही सांगण्यावरून मोडू नये. सांगणारा घरचा असला तरी.

ठिकाण : सोलापूर
दिनांक : १० जुलै २०२५
(सही) गुरप्पा मल्लिनाथ बिराजदार

हाताने लिहिलेली टीप : दुसरा साक्षीदार म्हणून मी गुरुलिंगलाच बोलावले. त्याने चौथे कलम सावकाश वाचले, कागद उलटून मागची बाजू बघितली. "ह्यात कायतरी डाव न्हाय न्हवं, काका?" मी नाही म्हणालो. मी पुढे केलेले पेन त्याने घेतले नाही. खिशातून स्वतःचे काढले.

साक्षीदार :
१. (सही) डॉ. अभिमन्यू स्वामी
२. (सही) गुरुलिंग शरणप्पा माळगे